४७ × ३६ = ४२३? मुलगा निष्काळजी नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा चौथीत, खारघरच्या सेमी-इंग्रजी शाळेत. पाढे वीसपर्यंत पाठ आहेत. एक अंकी संख्येने गुणायचं असलं की गणित बरोबर येतं, दोन अंकी संख्येने गुणायचं आलं की चुकतं. परवा वहीत ४७ × ३६ चं उत्तर ४२३ लिहिलं आणि बाईंनी खाली शेरा मारला, ‘निष्काळजीपणा टाळा’. सासरे म्हणतात पाढे तीसपर्यंत घोटून घ्या, शेजारीण म्हणते अ‍ॅबॅकसला घाला, आणि मुलगा स्वतः यूट्यूबवर झटपट गुणाकाराच्या युक्त्या बघत बसतो. ह्यातलं नेमकं करायचं काय, हा तुमचा प्रश्न.

मी कोपरखैरणेत चोवीस वर्षं तिसरी-चौथीच्या मुलांना गणित शिकवते आहे. ४२३ हे उत्तर ह्या काळात मी इतक्यांदा पाहिलंय की वही न बघताही तुमच्या मुलाने काय केलं ते सांगू शकते. त्याने आधी ४७ ला ६ ने गुणलं, २८२ आले. मग ४७ ला ३ ने गुणलं, १४१ आले. दुसऱ्या ओळीत फुली मारायची राहिली, म्हणून दोन्ही ओळी एकाखाली एक सरळ बसल्या आणि बेरीज झाली ४२३. आता ही बेरीज जरा नीट बघा. ४७ सहा वेळा आणि ४७ तीन वेळा, म्हणजे ४७ नऊ वेळा. ४७ × ९ = ४२३, अगदी बरोबर. मुलाला पाढे येतात, हातचे सांभाळता येतात, बेरीज येते. फक्त ३६ मधला ३ त्याच्या लेखी तीनच आहे, तीस नाही. ह्याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. फुली ‘विसरली’ असंही म्हणणार नाही. ती फुली कशासाठी आहे हे ज्याला कळलेलंच नाही, तो ती लक्षात तरी कशाच्या आधाराने ठेवणार?

हे मी शहाणपणाने सांगतेय खरं, पण सुरुवातीची पाचसहा वर्षं मीही ‘दुसऱ्या ओळीत फुली, तिसऱ्या ओळीत दोन फुल्या’ असंच घोकून घेत होते. एकदा एका मुलीने विचारलं, “बाई, ही फुली कशाची?” मी म्हटलं, “तशी पद्धत असते गं.” पुढे तिने ४७ × ३० सोडवताना पहिली ओळ पूर्ण शून्यांची लिहिली, दुसरीत फुली मारली आणि उत्तर १४१ आणलं. फुली म्हणजे रिकामी जागा, रिकाम्या जागेत काही नसतं, मग उत्तरात कशाला धरायची? तिचं म्हणणं तर्काला धरूनच होतं. त्या दिवसापासून माझ्या वर्गात फुली बंद झाली. तिथे शून्यच लिहायचं, कारण तिथे खरोखरच शून्य एकक असतात.

पुढचं सांगण्याआधी घरी एक पडताळणी करा. टेबलावर ३६ नाणी मांडा. मुलाला कागदावर ३६ लिहायला सांगा. ६ वर बोट ठेवून विचारा, “ह्याची नाणी कुठली?” तो सहा बाजूला काढेल. मग ३ वर बोट ठेवून तेच विचारा. बरीच मुलं तीन नाणी काढतात आणि उरलेल्या सत्तावीस नाण्यांकडे बघतही नाहीत. तुमच्या मुलाने तसं केलं, तर दुखणं गुणाकाराचं नाही, दशकाचं आहे. मग दोनतीन दिवस गुणाकार बाजूला ठेवून दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन बसा. त्याने तीसच्या तीस नाणी पुढे ओढली, तर पुढे जायला हरकत नाही.

ह्यात आपल्या भाषेचाही थोडा वाटा आहे. लिहिताना ४ आधी, ७ नंतर. बोलताना ‘सत्तेचाळीस’, म्हणजे सात आधी. सेमीच्या मुलाला वर्गात ‘फॉर्टी सेव्हन’ ऐकू येतं आणि घरी आजीकडून सत्तेचाळीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते तुम्हाला आठवत असेल. माझं मत विचाराल तर दोन्ही वाचनं असावीत. वर्गात मी ‘चाळीस सात, म्हणजेच सत्तेचाळीस’ असं एका दमात म्हणून घेते. गुणाकारात ‘चाळीस सात’ कामाला येतं, बाजारात सत्तेचाळीस.

आता पद्धत. माझ्या वर्गाच्या खिडकीतून घणसोलीच्या बाजूची एक उंच इमारत दिसते. बावीस मजले, आणि आमच्याकडच्या अंगाला प्रत्येक मजल्यावर चौदा खिडक्या. मोठा गुणाकार मी तिच्यावरूनच सुरू करते. एकूण खिडक्या किती? एकेक मोजायला कोणी तयार नसतं. मग आम्ही इमारतीचे तुकडे करतो. विसाव्या मजल्यावर एक आडवी रेघ, दहाव्या खिडकीनंतर एक उभी रेघ. झाले चार तुकडे. खालचा डावा मोठा, २० मजले आणि १० खिडक्या: २००. त्याच्या उजवीकडे २० मजले, ४ खिडक्या: ८०. वरच्या दोन मजल्यांवर डावीकडे २ × १०, म्हणजे २०. आणि वरचा उजवा कोपरा २ × ४, म्हणजे ८. सगळं मिळून ३०८.

दरवर्षी काही मुलं २० × १० आणि २ × ४ एवढंच करून २०८ म्हणतात. दशक दशकाशी, एकक एककाशी, बेरजेत असतं तसं. मी ‘चूक’ म्हणत नाही. खिडकीशी उभं करून विचारते, “शंभर खिडक्या कुठे हरवल्या?” ती शोधतात आणि दोन तुकडे मोजायचेच राहिलेत हे त्यांचं त्यांना सापडतं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं मूल सहसा विसरत नाही. खारघरमध्ये तुम्हाला अशी इमारत शोधावी लागणार नाही, गॅलरीत उभं राहिलात की पुरे.

इमारतीनंतर चौकटीची वही. १३ × १२ पासून सुरुवात करा, कारण तेवढा आयत वहीत सहज मावतो. १३ चौकटी लांब, १२ रुंद असा आयत आखून घ्या. १० × १० चा तुकडा एका रंगाने, १० × २ दुसऱ्या, ३ × १० तिसऱ्या आणि ३ × २ चौथ्या रंगाने रंगवायचा. १००, २०, ३०, ६. उत्तर १५६. पटत नसेल तर मोजू द्या, मोजायला पाच मिनिटं लागतात. असे तीनचार आयत झाले की चौकटी मोजायची गरज उरत नाही. मग साधा चौकोन काढून त्याचे चार खण करायचे आणि आकडे लिहायचे.

४७ × ३६ चे खण असे होतात. वर लिहा ४० आणि ७. बाजूला ३० आणि ६.

३० च्या ओळीत: १२०० आणि २१०.
६ च्या ओळीत: २४० आणि ४२.

ह्यातला ४० × ३० हा खण सगळ्यात घातकी. निम्मा वर्ग तिथे १२० लिहितो. ‘दोन शून्यं लावा’ असं सांगून मोकळं होऊ नका, ते पुढे दशांश अपूर्णांकात त्याच्या अंगाशी येईल. २.५ ला दहाने गुणताना तो मागे शून्य लावेल आणि २.५० ला उत्तर म्हणेल. त्यापेक्षा नोटा काढा. दहाच्या चार नोटा म्हणजे चाळीस. अशी तीस माणसं, प्रत्येकाकडे चाळीस रुपये. दहा माणसांचे मिळून किती? चारशे. मग तीस माणसांचे? बाराशे. दहा दशकं मिळून शतक होतं हे नोटांमध्ये हाताला लागतं. आमच्या फळ्याच्या कडेला वर्षभर एक ओळ लिहिलेली असते: दशक गुणिले दशक बरोबर शतक.

आता तुमच्या मुलाला सगळ्यात उपयोगी पडेल ती पायरी. नेमकी हीच पायरी बरेच जण गाळतात. खणांची पद्धत शिकवली, ती आली, आणि दुसऱ्या दिवसापासून ‘आता शाळेची पद्धत कर’ असं म्हटलं की मुलाच्या डोक्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी होऊन बसतात. म्हणून खणांच्या शेजारीच उभी मांडणी करा. ६ ची ओळ: २४० + ४२ = २८२. उभ्या मांडणीतली पहिली ओळ तीच आहे. ३० ची ओळ: १२०० + २१० = १४१०. ही दुसरी ओळ. म्हणजे शाळेची पद्धत चार खणांची दोन ओळींत घडी घालते, एवढंच. १४१० च्या शेवटी शून्य का, हे आता विचारावं लागत नाही, कारण तीसने गुणलं की तिथे शून्य येणारच. बेरीज १६९२.

आठदहा दिवस दोन्ही शेजारी शेजारी लिहू द्या. मग खण फक्त ताळ्यासाठी ठेवा. मग तेही सुटतात, आपोआप. शाळेच्या परीक्षेत उभीच मांडणी मागतात, त्यामुळे तिथपर्यंत पोचायचं आहेच, पण ह्या वाटेने. बाईंना ही वही एकदा नेऊन दाखवा. शेजारी खण दिसले तर बहुतेक बाई काही म्हणत नाहीत. म्हणाल्या, तर खण कच्च्या पानावर.

हातच्यांबद्दल थोडं. दोन अंकी गुणकात हातचे दोनदा येतात. ६ ने गुणताना ४ हातचे, ३ ने गुणताना २ हातचे, आणि दोन्ही ४७ च्या डोक्यावर एकाच जागी लिहिले की मूल दुसऱ्या खेपेला पहिलाच हातचा मिळवतं. पहिली ओळ झाली की तो हातचा खोडायचा, ही सवय लावा. बस.

उत्तर येण्याआधी अंदाज बांधायला मात्र पहिल्या दिवसापासून शिकवा. ४७ × ३६ हे ४० × ३० पेक्षा जास्त आणि ५० × ४० पेक्षा कमी असणार, म्हणजे १२०० आणि २००० च्या मधलं. हे पेन्सिल टेकवण्याआधी तोंडी म्हणायचं. तसं म्हटलेल्या मुलाला ४२३ आले की ते त्यालाच खटकतात, बाईंना शेरा मारावा लागत नाही. तुमचे सासरे कदाचित नवाचा ताळा सुचवतील, म्हणजे संख्यांच्या अंकांची एक अंक उरेपर्यंत बेरीज करायची आणि त्या बेरजांचा गुणाकार उत्तराच्या बेरजेशी जुळतो का बघायचं. जुन्या लोकांना तो हमखास येतो. ताळा चांगलाच आहे, पण ही चूक तो कधीच पकडणार नाही. ३६ च्या अंकांची बेरीज ९, १६९२ ची १८, म्हणजे पुन्हा ९, आणि ४२३ ची सुद्धा ९. हा योगायोग नाही. नवाच्या ताळ्यात ३ आणि ३० सारखेच, त्यामुळे शून्य राहून गेल्याचा त्याला पत्ताच लागत नाही. तुमच्या मुलासाठी अंदाजच हवा.

सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खणांच्या पद्धतीला दहापर्यंतचे पाढे झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत. सात सक किती हे बोटांवर मोजणारं मूल चार खण भरेपर्यंत दमून जातं. तुमच्या मुलाचे वीसपर्यंत पाठ आहेत, म्हणजे तिथे अडचण नाही. तेविसाचा पाढा पाठ झाला म्हणून ३६ मधला ३ तीस होत नाही. अ‍ॅबॅकसने काही मुलांचा तोंडी हिशोब चपळ होतो, हे मी पाहिलंय. पण आत्ताचं दुखणं वेगाचं नाही. वर्षभर थांबलात तरी बिघडणार नाही. यूट्यूबवरच्या युक्त्या बऱ्याचदा बरोबरच असतात. ९८ × ९७ साठी शंभरातून २ आणि ३ कमी, म्हणून ९५ आणि पुढे २ × ३ चे ०६, उत्तर ९५०६, हे बघायला मजा येते. पण शंभराच्या आसपासच्या आकड्यांना जमणारी ही युक्ती तो ४७ × ३६ ला लावायला जाईल आणि फसेल. युक्ती का चालते हे तो तुम्हाला सांगू शकला तर वापरू दे. नाही तर ती फुलीची धाकटी बहीण.

वेगवेगळ्या रीतींना माझा विरोध आहे असं मात्र समजू नका. उलट एकच रीत घोटणं आपल्या परंपरेतही नव्हतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत १३५ ला १२ ने गुणायचं उदाहरण दिलंय आणि ते कितीतरी प्रकारे सोडवून दाखवलंय. १२ चे ८ आणि ४ करा. नाही तर १३५ ला आधी ३ ने आणि मग ४ ने गुणा. नाही तर २० ने गुणून त्यातून आठपट वजा करा. उत्तर प्रत्येक वेळी १६२०. मात्र ह्या सगळ्या रीतींचा पाया एकच, संख्या सोयीच्या तुकड्यांत फोडणं. तुमचा मुलगा खणांत तेच करणार आहे. तो पाया बसला की युक्त्या त्याच्या त्यालाच सुचू लागतात.

सुचतात म्हणजे कशा, तर एक उदाहरण देते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील माथाडी, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात. ३६ × ५० चं गणित घातलं. बाकीचे मांडणी करत होते, ह्याने मान वर करून सांगितलं, “अठराशे.” कसं? “दोन गोण्यांचा एक क्विंटल, बाई. छत्तीस गोण्या म्हणजे अठरा क्विंटल.” पन्नास किलोची गोणी, त्यामुळे एक अंक निम्मा आणि दुसरा दुप्पट. मी त्याला फळ्याशी बोलावलं आणि तो तास त्यानेच घेतला. १८ × ३५ चे ९ × ७० करायचे, ६३०, हेही त्याच तासात निघालं.

अशीच आणखी एक युक्ती आपल्या भाषेतच दडलेली आहे. एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक उणा. मग ३९ × २४ साठी चोवीस चाळीस ९६०, त्यातून एक चोवीस काढला, ९३६. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळे असेच. नव्याण्णव तेवढा नावाने ह्या रांगेत बसत नाही, पण शंभराला एक कमी हे मुलं त्यालाही लगेच लावतात.

वेळ किती लागेल, हे मुलावर आहे. माझ्याकडे काही मुलं आठवड्यात उभ्या मांडणीला पोचतात, काहींना दीड महिना लागतो. रोज तीनच गणितं द्या, वीस नाही. एक खणांचं, एक दोन्ही रीतींनी, एक फक्त अंदाजाचं. पंधरा मिनिटांत वही बंद. तीन अंकी संख्या आली तर खण वाढतात, रीत तीच राहते. २०८ × ३४ मध्ये दशकाच्या जागी शून्य आहे म्हणून तो खण काढूच नका: ६०००, ८००, २४०, ३२, उत्तर ७०७२. एककाखाली एकक लिहायला जमत नसेल आणि ओळी तिरक्या जात असतील, तर उभी मांडणीही चौकटीच्या वहीत करू द्या, एका चौकटीत एक अंक. महिनाभर एवढं करूनही नाण्यांच्या पडताळणीत तो तीनच नाणी काढत असेल, तर मात्र बाईंशी सविस्तर बोला. तेव्हा प्रश्न वेगळा असू शकतो.

आणि सासऱ्यांना ह्यातून बाजूला ठेवू नका. त्यांच्या वेळी पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पावपट, निमपट, दीडपटीचे पाढे, शाळेत म्हणून घेत असत, त्यांना अजून येत असतील. रविवारी मुलाला २८ × १५ द्या आणि आधी आजोबांना विचारायला सांगा, “अठ्ठावीस दीडे किती?” ते ‘बेचाळीस’ म्हणतील. पुढचं शून्य कुठून आणायचं, हे मुलाने आजोबांना समजावून सांगायचं.